चूल मीच सारवली

माझं माहेर फलटणजवळचं, चार बहिणींत मी थोरली, आणि थोरल्या पोरीच्या वाट्याला काय येतं, काय सांगू तुम्हाला, चूल येते. शाळा सातवीपतोर झाली, पण त्याच्या आधीपासनं सकाळी उठायचं, राख काढायची, मातीचं पोतेरं फिरवायचं आणि मंगच जाळ करायचा, हे हाताला बसलेलं. न सारवलेल्या चुलीवरचं मी खाणार न्हाई, असं आई म्हणायची आणि खरंच खायची न्हाई, उपाशी बसायची. लई हट्टी बाई. मी तिच्यावरच गेलेय.

लग्न झालं, मालक साताऱ्याला वर्कशॉपात लेथवर व्हते, आणि माझे धाकटे दीर इंजिनियर होऊन आधीच अमेरिकेत आलेले, त्यांनी भावाचे कागद केले. असे आम्ही हितं पिस्कॅटवेला आलो, त्याला आता सात वर्षं झाली. पहिली दोन वर्षं दिरांच्याच बेसमेंटात व्हतो. जाऊ शैला, पुण्याची, एमएस्सी झालेली, मनानं चांगली, पण तिचं एक वाक्य ठरलेलं, वहिनी, इथे असं नाही करत. कपडे बाहेर वाळत घातले, इथे असं नाही करत. शेजारणीला हाक मारली, इथे असं नाही करत. मी म्हणायची, मंग हितं करतात तरी काय?

पण नोकरी तिनंच लावून दिली, ते मी विसरत न्हाई. आमच्यापासनं बसनं अर्ध्या तासावर एक जुनं घर हाय, अडीचशे वर्षांचं, ते म्युझियम म्हणून ठेवलंय. तितं सफाईचा जॉब. मार्गारेटबाई म्हणून एक उंच, पांढऱ्या केसांची बाई सगळं बघते, वर कमिटी. मार्गारेटबाई शाळेच्या पोरांना घर फिरवून दाखवायची आणि मी मागनं मॉप मारत ऐकायची. माझं इंग्रजी तिथंच झालं, म्हणून मला स्वातंत्र्य, बंदूक, अस्वल हे शब्द आधी आले आणि कूपन, डिस्काउंट मागनं.

गोष्ट अशी, की त्या घराचा मालक इंग्रजांच्या राजाविरुद्ध लढाईला गेला, अख्खी थंडी तिकडंच राहिला, आणि त्याच थंडीत घरातल्या कथलाच्या ताटल्या वितळवून त्यानं घरातल्या मोठ्या चुलीवर बंदुकीच्या गोळ्या ओतल्या. त्याचा धाकटा पोरगा पुढं पश्चिमेकडं गेला, जंगलात, आणि तितं त्यानं नुसत्या हातांनी अस्वल लोळवलं. मी लागले तवा अस्वल एक व्हतं. दोन वर्षांत दोन झाली. मी हसायची, कारण आमच्या गावच्या आज्जानं मारलेला वाघ बी असाच वाढत गेलेला. मालकाचं नाव त्या गोष्टीत व्हतं, पोराचं व्हतं, मालकाच्या घोड्याचं सुद्धा व्हतं. घरात बाई व्हती का न्हाई, ते कुनी सांगत नव्हतं.

मंग माझ्या नोकरीचं तिसरं साल आलं. उद्या चार जुलै, ह्यांचा स्वातंत्र्याचा सण, आणि त्या दिवशी लोकांसमोर ती चूल पेटवायची ठरलेलं. आदल्या दिवशी घर बंद, मी एकटी. मार्गारेटबाईनं जाताना हात असा गोल फिरवून सांगितलं, एव्हरीथिंग क्लीन. मी खिडक्या केल्या, फरशी केली आणि चुलीपाशी आले. ती चूल म्हणजे भिंतीत माणूस उभं राहील एवढं भगदाड, आणि आतनं सगळं काळंकुट्ट. उद्या सण आणि चूल अशी, माझ्यानं बघवंना. मागं वढ्याकडंला तांबडी माती हाय, आपल्यासारखीच. शेण कुठनं आणू, म्हणून मातीत राखच कालवली, आणि सारवली की हो मी ती चूल, आतनं बाहेरनं, आणि पर्समधल्या कुंकवाची दोन बोटं लावली. इतकी देखणी दिसली म्हणून सांगू, मी हात जोडून घरी आले.

सकाळी मार्गारेटबाई आली आणि मटकन खालीच बसली. ते काळं म्हणजे त्यांचा इतिहास व्हता. दोनशे वर्षांची काजळी जपून ठेवली व्हती, तिला कुनी फडकं सुद्धा लावायचं नाही असं कमिटीचं ठरलेलं, आणि ते मला कुनी सांगितलं नव्हतं. चूल त्या दिवशी पेटली न्हाई.

आठ दिवसांनी कमिटीनं बोलावलं. शैलानं आधीच इंग्रजीत माफीचं पत्र लिहून आणलं. म्हणाली, वहिनी, यावर सही करा, म्हणजे नोकरी राहील, मला अज्ञानामुळे समजलं नाही असं लिहिलंय. मी म्हणलं, अज्ञान कसलं? मला सांगितलं नव्हतं हे लिही, मी सही करते. अडाणी असल्यानं चूल सारवली, हे मी लिहून देणार न्हाई. ती म्हणाली, वहिनी, इथे असं नाही करत. मालक म्हणले, कर बाई सही, कशाला ताणतीस. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. ते घर मला आवडायचं, ती नोकरी गेली तर मी परत बेसमेंटातच बसणार व्हते.

लांब टेबल, सहा जणं बसलेली. शैला उठून म्हणाली, शी इज व्हेरी सॉरी. आता सॉरी मला कळतं, हितं दुकानात धक्का लागला तरी म्हणतात. मी म्हणलं, नो सॉरी. सगळे बघायला लागले. मी शैलाला म्हणलं, आता मी सांगते तसंच्या तसं सांग, तुझं काही घालू नको. ह्यांना विचार, घराचा मालक त्या थंडीत लढाईवर व्हता असं तुम्हीच सांगता, मंग त्याच थंडीत हितं गोळ्या कुनी ओतल्या? ताटल्या कुनाच्या हातच्या व्हत्या? आणि जी बाई एवढं करते, ती आपली चूल अशी काळी ठेवील का? शैलानं शब्द न शब्द सांगितला. ते मी तिचं जन्मभर लक्षात ठेवीन.  कमिटीवाले म्हणले, आधी माती काढून बघू, मंग तुझं ठरवू.

माती काढायला एक म्हातारा गवंडी आला. मार्गारेटबाईनं मला बी उभं केलं, बहुतेक लाज वाटावी म्हणून. त्यानं पातळ सुरीनं माझी माती काढली, एका कोपऱ्यात काजळीचा पोपडा बी निघाला, तर खाली पांढरं. अजून खरवडलं तर काळं, त्याखाली परत पांढरं, कांद्याच्या पापुद्र्यासारखं. म्हातारा म्हणाला, चुना हाय. कुनीतरी ही चूल पुन्हा पुन्हा पांढरी करत व्हतं, लई वर्षं. मार्गारेटबाईनं वाकून तो पांढरा कोपरा बोटानं चाचपला. मंग माझ्याकडं न बघताच म्हणाली, सोमवारी ये.

आता चार जुलैला चूल मी पेटवते. इथल्या कुनालाबी धूर न करता पेटवताच येत न्हाई. त्यांनी मला झालरीची टोपी आणि झगा दिला व्हता, मी म्हणलं, न्हाई, मी लुगड्यावरच एप्रन बांधीन. एक जण म्हणाला, त्या काळात तुमच्यासारखी बाई हितं नव्हती. मी म्हणलं, तुमच्यासारखी तरी कुठं व्हती, तुमच्या गोष्टीत तर बाईच नव्हती. आता गोळ्या कुनी ओतल्या ते पोरांना मीच सांगते, माझ्या इंग्रजीत, पोरांना कळतं. अस्वल मी परत एकावर आणलंय.

भिंतीवर पाटी लावलीय, चुन्याचे थर एका कामगाराला सापडले असं. नाव न्हाई. असू दे, मी अजून जिती हाय, माझं मी सांगते. ती चूल पांढरी करणाऱ्या बाईचं नाव मात्र कुठंच न्हाई, मार्गारेटबाईनं चर्चची जुनी दप्तरं दोन वर्षं धुंडाळली, तितं बी नुसतं अमक्याची बायको. तुम्ही ही टेप ऐकून लिहाल तवा त्या घराच्या मालकाचं आणि घोड्याचं नाव गाळलं तरी चालेल. तिच्या नावाला मात्र एक ओळ मोकळी सोडा. देव तुमचं भलं करो, बसा, चहा टाकते.