पाचवी चिठ्ठी

काकू, रेहाना, आणि सरांच्या सगळ्या विद्यार्थ्यांनो,

खेडेकर सरांसमोर फळ्याशी उभं राहिलं की मी पाढेसुद्धा विसरायचे. आज सर नाहीत, तरी तसंच होतंय. सांभाळून घ्या.

दहावीनंतर रत्नागिरीच्या वसतिगृहात आमच्या लांज्याच्या शाळेसाठी एकच जागा होती. आम्ही मुली पाच. सरांनी डब्यात पाच चिठ्ठ्या टाकल्या, एकीवर 'जागा' लिहिलेलं. चिठ्ठी काढायच्या रांगेत रेहाना तिसरी, मी शेवटची. जागा रेहानाला लागली. संपलं! मला डब्यात हात घालायलाही मिळालं नाही.

बाबा सरांवर भडकले. "पोरीला शेवटी उभी केलीत, तिथंच तिचा पत्ता कापलात! नको ते शिक्षण. बसू दे घरी."

बसू दे घरी! ऐकलंत? माझं कॉलेज तिथंच संपलं होतं.

संध्याकाळी सर आमच्या ओट्यावर हजर. पिशवीत पाच सुपाऱ्या, एकीला कुंकू. "तात्या, डोळे मिटून एकेक काढा. कुंकवाची कितवी येते ते मी लिहितो."

बाबांनी पहिली काढली आणि परत पिशवीत टाकली. "अहो, परत नाही टाकायची! चिठ्ठी टाकली होती का कुणी परत?" पुढची बाबांनी सवयीने तोंडातच टाकली! सर पोट धरून हसले. "आता चारच उरल्या. गणितच बदललंत की हो!"

आईने नवी सुपारी दिली. दिवेलागणीपर्यंत दोघं काढत बसले. कुंकवाची कधी पहिली यायची, कधी तिसरी, कधी पाचवी. सरांच्या कागदावर पाचवीच्या खुणा बाकीच्यांपेक्षा कमी नव्हत्या.

मग सरांनी मांडलं. पहिलीला न लागण्याची शक्यता पाचात चार. मग चारात तीन, तीनात दोन, दोनात एक. "गुण गं." मी गुणलं. शेवटचीला लागण्याची शक्यता, पाचात एक. "आणि रेहानाची?" तीही पाचात एक.

बाबांनी कुंकवाची सुपारी मुठीत घेतली. मग म्हणाले, "म्हंजे पोरीवर अन्याय नाय झाला."

"नाही झाला. पण घरी बसवलीत, तर तो तुम्ही कराल."

दुसऱ्या दिवशी बाबा रत्नागिरीच्या कॉलेजला रोज जाण्यायेण्यासाठी माझा एसटीचा पास काढून आले. आज मी गणित शिकवते, ती त्या पासामुळे. सर, तुम्ही खोटी समजूत घातली नाहीत. बेरीज-गुणाकार करून माझ्या बापाला जिंकलंत. किती जणांना जमतं हे?

बाबांना आता चालवत नाही. त्यांनी ही कुंकवाची सुपारी पाठवली आहे. सुपारीवाचून तास न काढणारा माणूस, पण ही एवढी वर्षं जपली. सरांच्या फोटोपाशी ठेवते.

परत नाही टाकायची, सर. लक्षात आहे.

चला, दोन मिनिटं उभं राहूया.