पाहुण्याला तोमा

हॅलो?… हां, नितेश, बोल. हळू पण. आरोही आत्ताच दूध पिऊन झोपलीय, मांडीवरच आहे… नंतर बघ तिला. तुझी वेटरची परीक्षा कधी?… आत्ता? दाराबाहेर उभा राहून फोन करतोयस?… बरं, बरं, घाबरू नकोस. स्पॅनिशमधलं तोमार घे. म्हणजे 'घेणं'. मागचं 'आर' उडवून टाक, आई बांगड्याची शेपटी उडवतात तसं… हो, उरलं 'तोम'. आता म्हण…

तोमो, मी घेतो. बरोबर… तोमास, तू घेतोस… तोमा, तो घेतो, ती घेते… अरे 'तोमामो' नाही, शेवटी स आहे. तोमामोस, आम्ही घेतो… तोमान. झालं की! बोटीवर भांडी घासता घासता पाठ केलंस ना?

आता मी पाहुणी. जेवायच्या टेबलावर बसलेय, केस पिकलेत. मला कॉफी विचार… 'तोमास'? पुन्हा तेच! अरे, त्या म्हातारीला तू 'काय गो, कॉफी घेतंस?' म्हणालास… हसू नकोस. मागच्या वेळी यावरच पाडलं ना तुला? पाहुण्याला तोमा… हो, 'ती घेते'वालंच. मान द्यायचा तर त्यांच्यात तेच… का ते मला काय माहीत! मी तरी कुठं शिकलेय? हिला पाजताना व्हिडिओ बघते, तेवढंच.

तुम्हा मालवणकडच्यांची जीभच तशी. लग्न करून साताऱ्याहून आले, तर तू नानांना, 'नाना, तू जेवलंस?' मी दचकलेच. सख्ख्या बापाला अरे-तुरे!… माया असते त्यात, कळलंय आता. पण तिथे टेबलावर नाना नाहीत बसायचे. ओरोसच्या कचेरीतला साहेब आठव. दाखल्यासाठी गेलो होतो, आणि तू त्याच्याच केबिनमध्ये त्यालाच 'बसा, बसा साहेब' करत होतास… हां, तोच. विचार त्याला कॉफी… तोमा. शाब्बास.

काय?… पास झालास तर काय?… थांब. लगेच म्हणजे?… डायनिंग हॉलमध्ये माणसं आत्ताच हवीत. म्हणजे सुट्टी नाही… दिवाळीनंतर. हं… आणि नापास झालास तर परवा ठरल्याप्रमाणे घरी… असं आहे होय.

नाही, ऐकतेय मी… मला नको विचारूस, नितेश. विचारलंस तर मी ये म्हणेन. पोरीला अजून हातात घेतलं नाहीस तू, मी दुसरं काय म्हणणार? म्हणून विचारूच नकोस… आणि भांडी घासून तुझ्या हातांची सालं निघालीत, तेही मीच बघते ना फोनवर?… तुझं तू ठरव… हाक मारली? मग जा. जा म्हणते ना.

नितेश?… फोन बंदच नाही केला यानं. खिशात टाकला वाटतं… श्श, आरोही, नाही गं, झोप… आई, इकडे या ना. हळू… आत गेलाय तो. सगळं ऐकू येतंय… कुणी बाई बोलतेय… आता ह्याची पाळी… गप्प आहे… अजून गप्पच आहे…

तोमा म्हणाला.

हो आई, तेच म्हणायचं होतं… परत म्हणाला. चुकला नाही… हसतायत सगळे. शाबासकी देतायत बहुतेक.

ठेवते मी फोन… आई, गाडीवाल्या सुशांतला निरोप द्या. परवा विमानतळावर गाडी नको म्हणावं.