खाऊन-पिऊन सुखी वस्ती

...नाही नाही, हात कसले जोडताय काशिनाथकाका, बसा. पाणी घ्या. तुमचं नाव वगळायचं, एवढंच ना? अहो, पण गोष्टच तुमची आहे! मुलांची गरिबी मोजायला वस्त्यांमधे जाणारी नवी पोरं येतात माझ्याकडे शिकायला, त्यांना पहिल्याच दिवशी सांगते — अवधपुरी कॉलनीच्या मागे आमच्या झोपड्या होत्या, तिथे एक साहेब आले, दारातूनच विचारलं, फ्रिज आहे? माझी आई म्हणाली, आहे, पण बंद आहे साहेब, तिकडे बरखेड्याच्या बंगल्यांत कुणीतरी टाकून दिलेला आणलाय, उंदरांपासून पीठ वाचवायला — लाइटच कुठेय आमच्याकडे! तर तुम्ही म्हणालात, "बाई, आहे की नाही, तेवढं बोला." आठवत नाही? तेच तर. आईला मरेपर्यंत आठवत होतं, तुमचं नावही. गल्लीभर तसंच — मुका टीव्ही, बिनचाकाची सायकल, सगळं 'आहे'. झालं, वस्ती खाऊन-पिऊन सुखी ठरली, आणि मुलांना दलिया मिळायचा ते अंगणवाडी केंद्र गेलं दुसरीकडे.

समीर तुमच्या पायाशीच बसला होता. माझा भाऊ, दोन वर्षांचा. दंड माझ्या अंगठ्याएवढा — नुसतं खाली बघायचं होतं हो! थंडीत न्यूमोनिया झाला. डॉक्टर म्हणाले, पोराच्या अंगात काही नाहीच, झुंजणार कशावर.

सगळेच तसं मोजायचे? असतील. आमच्या दारात तुम्ही आला होतात.

मागच्या तुकडीतल्या केतकीचं म्हणताय? मला काय माहीत ती तुमची नात आहे! मी तर दर तुकडीला नुसतं 'एक साहेब' म्हणते, फक्त तिच्याच वेळी पूर्ण नाव — ... बरं. होतं माहीत. आडनाव ऐकलं, जेवणाच्या सुट्टीत विचारून घेतलं, आजोबा कोण तुझे. मग तिच्याकडे बघत बघत सांगितलं सगळं. तिचा चेहरा उतरत गेला आणि मला — सांगू? — बरं वाटलं. समीर गेल्यापासून पहिल्यांदा इतकं बरं वाटलं.

बोलत नाही तुमच्याशी? जेवायलाही बसत नाही बरोबर? पोरगी चांगली आहे, तिला रागावू नका.

नाव नाही वगळणार. समीर कुणाच्याच मोजणीत आला नाही, तुम्ही आता माझ्या प्रत्येक तुकडीत याल, नावासकट. — इथे रडू नका, काका. बाहेर पोरं बसलीयेत, आज नवीन तुकडी आहे. उठा. जाताना दार उघडंच ठेवा.