घाम फुटलेलं खोकं

गोदूबाई : न्हाई म्हनलं ना, साहेब. हे खोकं मी डोक्यावर घेनार न्हाई, दुसऱ्या बाईलाबी घेऊ देनार न्हाई.

त्र्यंबक : कड्यात भोकं पाडून तयार आहेत. आज सुरुंग उडाला नाही तर मालक मला विचारतील. खाणीचा सुपरवायझर मी आहे, तू नाहीस.

गोदूबाई : मग सुपरवायझरनं वाकून बघावं. हात लावू नका. फळी कशानं वली झालीय?

त्र्यंबक : छप्पर गळत असेल.

गोदूबाई : मे महिन्यात? मानपाड्याला अजून थेंब पडला न्हाई.

त्र्यंबक : तेलकट दिसतंय.

गोदूबाई : सुरुंगाच्या कांड्यांना घाम फुटलाय. आतली दारू झिरपून भाईर आली. तिला वात लागत न्हाई. खोकं नुसतं आपटलं तरी पुरं.

त्र्यंबक : तुला हे कोणी सांगितलं?

गोदूबाई : माझ्या नवऱ्यानं. सहदेव सुरुंगवाला. तुमच्या मालकानं शिमग्यात काढला त्येला. दर पंधरा दिसांनी खोकी उलटी करायचा, दारू एका अंगाला उतरू नये म्हनून. हा माल जुना झाला, सरकारात कळवा म्हनला, तर उद्धट ठरला. त्याच्यामागं खोकी कुनी फिरवली?

त्र्यंबक : कोणीच नाही.

गोदूबाई : काल माझ्या जोडीच्या शीलानं एक कांडी हातात धरली, आन सांजेपातूर डोकं धरून बसली.

त्र्यंबक : माझंही सकाळपासून ठणकतंय. मला वाटलं, ऊन लागलं.

गोदूबाई : ऊन न्हाई, साहेब. हिचा वासच डोक्यात जातो.

त्र्यंबक : (कोठाराच्या दारातून मागे सरकत) मालक म्हणतील, एका बाईचं ऐकून काम बंद केलंस.

गोदूबाई : म्हनू द्या. सहदेवला काढलं तसं मलाबी काढा. खोकं हितनं हलायचं न्हाई.

त्र्यंबक : तू तरी हल तिथून. दार लोटू नकोस, आहे तसं राहू दे. सगळ्यांना ओढ्यापलीकडे घेऊन जा, कोणी विडी पेटवायची नाही. मी कल्याणला सरकारी कचेरीत जाऊन लेखी कळवतो. माझ्या सहीनं.

गोदूबाई : तुमची नोकरी?

त्र्यंबक : ती बघू. पण मालकांची मोटार दुपारी येईल, आणि मी तोवर परतणार नाही. ते दुसऱ्या कोणाला तरी उचलायला लावतील.

गोदूबाई : येऊ द्या. ओढ्याच्या वाटेवर मी बसते, कुनालाबी खोक्याकडं येऊ देनार न्हाई.