गालांवरचा नूर

—नाही हो मॅडम, तुमच्यावर राग कसला, बसा तुम्ही, काशिफा बर्फ घेऊन येईलच एवढ्यात, सरबत घेतल्याशिवाय आमच्या रेवदंड्यातून पाहुणा जात नाही — मी फक्त एवढंच विचारलं, तुमच्या हॉस्पिटलात देणार तो वायू, कार्बन मोनॉक्साइड म्हणालात, तो कोळशाच्या निखाऱ्यातून निघतो तोच ना? तोच. हां. मान हलवलीत म्हणजे तोच. मला माहीतच होतं, पण वाटलं, एखादवेळी दुसरा कुठला असेल.

माझ्या पोरीचं दुखणं तुम्हाला फायलीतून माहीत, मला न्हाणीच्या दाराशी बसून. मोठ्या आतड्याला सूज, जखमा, रक्त जातं. अलिबागला कॉलेजात जायची तेव्हा वाटेतले सगळे संडास पाठ होते तिला — चौल नाक्यावरचं हॉटेल, नागावला मैत्रीण क्रांती, तिचं घर — रिक्षावाल्यांना पण माहीत, काशिफा बसली की मध्ये थांबायचं. शेवटी कॉलेजच सुटलं. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, आता डॉक्टर म्हणतात आतडं काढा, पोटाला पिशवी लावा. बावीस वर्षांची पोर हो ती! आणि तुम्ही सांगता, मास्क लावून थोडासा वायू हुंगायचा, मोजूनमापून, रक्त तपासत तपासत, बघायचं सूज उतरते का. उतरेलच असं नाही, हेही सांगितलंत, खोटं बोलला नाहीत, बरं वाटलं. ती तर तयारच आहे. सही तिची ती करू शकते — पण म्हणते, अम्मी हो म्हणाली तरच. आणि अम्मी नाही म्हणते, आणि का ते सांगत नाही.

सांगू? तिला कळता कामा नये हां. आमच्या घरात जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, दिवेलागणीला, निखाऱ्यावर लोबान टाकून घरभर धूर फिरवतात. दारं-खिडक्या लावून — धूर कोपऱ्याकोपऱ्यात बसला पाहिजे, सासूबाईंचा हुकूमच होता. पण वर बघा ना, कौलं आहेत. फटीफटीतून सगळा धूर बाहेर. ह्या घरात निखाऱ्यानं कुणाचं वाईट केलं नाही कधी. काशिफाचे अब्बा ह्याच घरात वाढलेले. कुवेतला नोकरीला गेले — तिथं थंडी पडते, आपल्याला खरं वाटत नाही, आपल्या कोकणात खोलीत शेगडी घेऊन कोण झोपतं? काँक्रीटची खोली, धूळ येते म्हणून खिडकी चिकटपट्टीनं बंद केलेली, सोबतचे ड्यूटीवर. जुम्मेरात होती. ह्यांनी पातेल्यात कोळसे पेटवले, लोबान टाकला, दार लावलं — घरी लावतात तसंच लावलं. घरचा वास यावा म्हणून, दुसरं काय. ऊबही आली असेल. झोपले, ते उठलेच नाहीत.

मय्यत इथं आणली तेव्हा चेहरा असा गुलाबी! उन्हात रापलेला माणूस तो, जिवंतपणी कधी तसा दिसला नाही. सासूबाई म्हणाल्या, नूर आहे, अल्लाचं तेज, माझ्या कैसच्या चेहऱ्यावर नूर आहे, जन्नती आहे माझा लेक. सगळ्या मोहल्ल्यानं बघितला तो नूर. मीही बघितला — त्याच्यावरच तर उभी राहिले मी. मग चाळिसावा झाल्यावर जलीलभाई, माझे दीर, तेच मय्यत घेऊन आलेले, इथं ओटीवर बसून खाली मान घालून म्हणाले, भाभी, तो रंग त्या वायूचा असतो. रक्तात शिरतो आणि माणसाला गुलाबी करतो. मी म्हटलं, बोललात ते बोललात, सासूबाईंना सांगू नका. त्या गेल्या तो नूर डोळ्यांत घेऊनच. काशिफाला सांगितलं, हार्ट अटॅक. लहान होती, तिला अब्बांचं काय आठवतं? ते गाल. अजून म्हणते, अम्मी, अब्बा किती छान दिसत होते गं.

आता तूच सांग बाय — मॅडम राहू दे, माझ्या लेकीएवढीच आहेस तू — तुमच्या ह्या प्रयोगात काहींना वायू देणार, काहींना नुसती हवा, कुणाला काय मिळालं ते तुम्हालाही कळणार नाही म्हणालीस. मग मी दुवा काय मागू? हवा मिळू दे म्हणू? मग पिशवी. तो वायू मिळू दे म्हणू? कशी म्हणू? ही पोर पांढरी फटक झालीय. बरी झाली तर गालांवर रंग येईल, लोक म्हणतील, महेरुन्निसा, मुलगी कशी उजळली तुझी! आणि मी तिच्या नाकाशी बोट धरून बसेन, श्वास चालतोय का बघत.

पण पिशवीच्या भीतीनं उशीत तोंड खुपसून रडते ना, तेही मीच ऐकते. जा, सांग तिला. अम्मी हो म्हणाली. फक्त मी तिच्याजवळ बसणार आणि खिडकी उघडी राहणार, तुमचा एसी असू दे नाहीतर काही असू दे. आणि अब्बांचं काही बोलायचं नाही. कसम आहे तुला.

आली बघ. काशिफा, एवढ्या उन्हात धावत कशाला आलीस, बर्फ काय पळून जात होता? इकडे बघ जरा — गाल —

थांब. तिथंच थांब, दारात, वाऱ्यावर. काही नाही, काही झालं नाही मला. बाय, सरबत राहू दे, तू निघ आता, अलिबागची रिक्षा नाक्यावर मिळेल. हो म्हणाले ना मी? म्हणाले. मग जा — शब्द फिरवायच्या आत जा.