भर सभेत काढलेले मोजे

"प्रोफेसर, जन्मभर लढायांवर लिहिलंत, पण स्वतः कधी भांडलात तरी का?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून इन्काने बेकरीच्या रांगेत ओल्डेकोपसरांना विचारलंच. तिला कॉलेजात मुख्य विषय सोमवारी कळवायचा होता. घरच्यांनी गणित ठरवलेलं, तिचं मन इतिहासात.

"भांडलो ना. हिच्याशी, बुटांवरून."

"भांडणार नाही तर काय!" शेजारी उभी असलेली त्यांची बायको म्हणाली. "ह्या एगबर्टने जुन्या शिपायांसारखे बूट शिवून घेतले, आणि त्यांच्याच वाटेने ऱ्हाईन नदीपासून उल्म शहरापर्यंत चालत गेला!"

"कशाला?"

"त्यांच्या सेनापतीने लिहून ठेवलंय, त्या वाटेवर भित्रे शिपाई मागे राहिले. मला पटेना."

"मग?"

"दोन्ही बूट एकाच साच्याचे गं! डावा-उजवा असा फरकच नाही. माझ्या पायांची चाळण झाली. शिपाई भीतीने नाही, ह्या बुटांनी मागे राहिले."

"हे परिषदेत सांगितलं तर मोठमोठे प्रोफेसर हसले, मग ह्याने भर सभेत मोजे काढले!"

"अय्या! मग?"

"मग कुणी हसलं नाही. आता पोरांच्या पुस्तकातून 'भित्रे' गेलंय."

म्हातारीने नवऱ्याची कॉलर नीट केली. इन्का पाव न घेताच घरी पळाली.

"आई, बाबा, गणित आवडत असेल तर तुम्ही करा. मी इतिहास घेतेय!"