कानाला बांधलेला रुमाल

यार, शिकारीचं नाव काढू नका माझ्यासमोर! नव्वद साली अमेरिकेत नेपरव्हिलला होतो, तेव्हा ऑफिसातला बिल म्हणाला, "बंदुकीने शिकार करायचा सीझन पुढच्या महिन्यात आहे, सरकारी जंगलात हरणांच्या खुणा बघून येऊ." थंडी होती, म्हणून मी तपकिरी स्वेटर चढवला आणि आपल्या सवयीने कानाला पांढरा रुमाल बांधला. झुडपात वाकून खुणा बघतोय, तेवढ्यात झाडावरून कोणीतरी ओरडलं, "डोक्यावरचं पांढरं काढ आधी!" वर एक माणूस ताणलेलं धनुष्य खाली घेत होता. बिल चाचरत म्हणाला, "धनुष्याचा सीझन चालू आहे, विसरलोच. इथल्या हरणांची शेपटी पांढरी असते."

घरी पोचलो तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. बायकोने विचारलं, "दिसलं का हरीण?"

म्हटलं, "मला नाही, झाडावरच्या माणसाला दिसलं."